अठरानंतर काय?

"तुमच्या कॉलेजात याच्यासाठी काही असतं का गं?" आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी मागच्या महिन्यात मला लिफ्टमध्ये विचारलं, आणि मी चक्क हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. "काकू, इंजिनीअरिंग आहे हो ते!" असं काहीतरी पुटपुटून मी माझ्या मजल्यावर उतरले.

काकूंचा मुलगा बावीस वर्षांचा आहे, बौद्धिक दिव्यांग. मी त्याला दादा म्हणते. त्याची विशेष शाळा अठराव्या वर्षी संपली, तेव्हापासून तो घरीच. संध्याकाळी मी परत येते तेव्हा तो गेटपाशी उभा असतो आणि रोज एकच प्रश्न विचारतो, "आज काय शिकवलं?" (तीन लेक्चर्स बंक केलेली असतील त्या दिवशी हा प्रश्न व्हायव्हापेक्षा अवघड जातो.)

आपल्या हसण्याची लाज वाटली म्हणून थोडं वाचलं, तर कळलं की काकूंचा प्रश्न मुळीच हसण्यासारखा नव्हता. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात अशा मुलांसाठी १९८७ पासून सोय आहे. अमेरिकेत २००८ साली उच्च शिक्षणाचा कायदा बदलला आणि ठरावीक मान्यताप्राप्त कार्यक्रमांत शिकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग विद्यार्थ्यांनाही सरकारी आर्थिक मदत मिळायला लागली. आज तिथे तीनशेहून जास्त ठिकाणी असे कार्यक्रम चालतात.

तिथे ही मुलं करतात काय? बहुतेक जण डिग्री घेत नाहीत. नेहमीच्या वर्गात सगळ्यांबरोबर बसतात. नाटक, फोटोग्राफी, इतिहास, ज्याला जे आवडेल ते. परीक्षेचं ओझं झेपेल तेवढंच. सोबत त्याच कॉलेजचा एखादा विद्यार्थी असतो, शिकवलेलं सोपं करून सांगायला, जेवायला, जिमला. त्याशिवाय पैशांचा हिशेब, एकट्यानं बसनं जाणं, स्वयंपाक. आणि आठवड्यातले काही तास खरंखुरं काम, लायब्ररीत किंवा ऑफिसात. शेवटी सर्टिफिकेट मिळतं. सगळं गोडगोड आहे असंही नाही. खर्च भरपूर, आणि काही ठिकाणी कॅम्पस एकच पण वर्ग वेगळा. म्हणजे विशेष शाळाच, फक्त पत्ता बदललेला.

आपल्याकडचा कायदा कागदावर वाईट नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. पण त्या जागेपर्यंत पोचायला आधी बारावी पास व्हायचं, मग सीईटी द्यायची! दादासारख्यांच्या बाबतीत हे म्हणजे ताट वाढून ठेवायचं आणि दाराला कुलूप लावायचं. त्यामुळे आरक्षण आहे ना, मग झालं, असं म्हणून सुटका नाही. दुसरं दार लागेल.

आता आपल्या कॉलेजचं. दर दिवाळीला एनएसएसवाले गेटपाशी स्टॉल लावतात, आठवतंय? विशेष मुलांनी रंगवलेल्या पणत्या, उटणं, आकाशकंदील. मीही दोन वर्षं घेतल्या. आपण पणत्या घेतो, 'किती सुंदर!' म्हणतो. पण त्या रंगवणारा एकही जण त्या स्टॉलवर बसलेला मी पाहिलेला नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्येही तेच होतं. वर्षातून एकदा आम्हाला अशा शाळेत नेत. बिस्किटं वाटायची, त्यांची गाणी ऐकायची, टाळ्या वाजवायच्या आणि चारच्या बसनं परत. बारा वर्षांत त्यांच्यातला एकही जण आमच्या शाळेत आला नाही. भेट नेहमी एकाच दिशेनं.

हा विषय ग्रुपवर काढला तर पहिला मेसेज आला, "मेरिटचं काय?" अरे, इथे सीट मागितलीय कोणी? दादाला तुमची कॉम्प्युटरची सीट नकोय. त्याला सकाळी दहाला कुठेतरी जायचंय, बस्स. दुसरा मेसेज नुसता हसण्याचा होता, आणि त्यात तो शब्द होता, जो आपण वर्कशॉपमध्ये चुकीचा जॉब कापणाऱ्याला सर्रास वापरतो. मीसुद्धा वापरलाय. दादासमोर वापरून दाखवा, एवढंच म्हणेन.

सेफ्टीचा मुद्दा मात्र खरा आहे. लेथवर नको, मान्य. (फर्स्ट इयरला लेथवर आपण काय दिवे लावले होते, ते वर्कशॉपच्या सरांना विचारा.) पण लायब्ररीत पुस्तकं जागेवर लावणं, स्टोअर्समध्ये सामान मोजून देणं, गॅदरिंगची सजावट, कम्युनिकेशन स्किल्सचा तास, कॅन्टीन... यातल्या कशाला सीईटी लागते? आपण चार वर्षांत जे खरंखुरं शिकतो त्यातलं निम्मं तर कॅन्टीनमध्येच शिकतो. अनोळखी माणसाशी बोलायचं कसं, उधारी चुकवायची कशी, भांडण मिटवायचं कसं. तेवढंच घरात बसून शिकता येत नाही.

म्हणून एनएसएसच्या सरांकडे एक अर्ज दिलाय. एक सेमिस्टर, आठवड्यातून तीन दिवस, फक्त दोन जण. प्रत्येकाबरोबर आळीपाळीनं आपल्यातले चौघं. त्यांच्या विशेष शिक्षिका सुरुवातीला आपल्याला शिकवतील, कारण शिकायची गरज आपल्यालाच जास्त आहे. सर म्हणाले, इन्शुरन्सचं आणि परवानगीचं बघावं लागेल, आणि आठ जणांची नावं आणा.

सध्या पाच झालीत, माझ्यासकट. काकूंना अजून काही सांगितलेलं नाही. आधी सांगितलं आणि फिसकटलं तर दादा रोज गेटवर विचारणार. तीन नावं हवी आहेत. सेकंड इयर मेकॅनिकल, बी डिव्हिजन, मागचा बेंच. मी तिथेच सापडेन. लेक्चरला असले तर.