न दिसणाऱ्या माणसाशीं बोलतांना

गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत शाळेच्या पत्त्यावर एक ई-मेल आला. वर मायना नाहीं, खालीं सही नाहीं, विषयाची जागा कोरी. मजकूर एवढाच कीं, "माझा दाखला अजून मिळाला नाहीं, लवकर पाठवा." पाठविणाराचा पत्ता पाहावा तर तोही एका क्रिकेटपटूच्या नांवापुढें चार आंकडे जोडून केलेला. आम्ही उलट विचारलें, "आपण कोण?" त्यास उत्तर आलें नाहीं. तीन आठवड्यांनीं केळशीचे एक पालक घामाघूम होऊन शाळेंत आले, तेव्हां उलगडा झाला. मुलगा आमचाच माजी विद्यार्थी. दाखल्यावांचून त्याचा प्रवेश अडला होता, आणि मुदत आदल्याच दिवशीं संपली होती. आमचा प्रश्न त्यानें पाहिलाच नव्हता. ई-मेल पाठवावयाचा असतो, उघडून पाहावयाचाही असतो, हें त्यास कोणी सांगितलें नव्हतें.

हा मुलगा उद्धट आहे काय? मुळींच नाहीं. तो समोर आला असता तर दारांत चपला काढून, नमस्कार करून, आपलें नांव व इयत्ता सांगूनच त्यानें तोंड उघडलें असतें. मग तोच मुलगा हातांत मोबाईल येतांच असा कां लिहितो? आमच्या मतें याचें कारण एकच. समोरचें माणूस दिसत नाहीं, म्हणून तें आहे याचाच विसर पडतो.

आमच्या पूर्वजांना न दिसणाऱ्या माणसाशीं बोलण्याचें हें अवघड काम चांगलें अवगत होतें. यादवांचा मंत्री हेमाडपंत याच्या नांवावर चालत आलेलें 'मेस्तक' म्हणजे कोणास कोणत्या शब्दांनीं लिहावें याचेंच शास्त्र. समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर, ओळी, कागद व लेखणी यांच्या नीटनेटकेपणाला दिला, तो वाचणाराच्या डोळ्यांस त्रास होऊं नये म्हणूनच. पुढें शाळाशाळांतून वडिलांस 'तीर्थरूप', इतर वडीलधाऱ्यांस 'तीर्थस्वरूप', धाकट्यांस 'चिरंजीव' असे मायने घोकून घेतले जात. त्यांतील सगळेंच परत आणावें असें आमचें म्हणणें नाहीं. विधवेच्या नांवामागें 'गंगाभागीरथी' लावून तिच्या दुःखाची पाटी प्रत्येक पाकिटावर मिरविणारी रीत गेली, हें उत्तमच झालें. परंतु मायन्याचा हेतु असा कीं, पत्र उघडणारास पहिल्याच ओळींत कळावें, हें मला लिहिलें आहे, आणि लिहिणारास मी कोण आहें याची जाणीव आहे. तो हेतु 'आदरणीय गुरुजी, सादर नमस्कार' एवढ्या चार शब्दांनींही साधतो. दापोली तालुक्यांतल्याच पालगडचे साने गुरुजी यांनीं आपली पुतणी सुधा हिला लिहिलेलीं 'सुंदर पत्रें' ज्यांनीं वाचलीं आहेत, त्यांस जवळीक आणि अदब हीं एकाच कागदावर कशीं नांदतात हें निराळें सांगावयास नको.

आतां वार्ता कशी द्यावी याविषयीं. मृत्यूच्या पत्रावर पूर्वीं 'श्री' लिहीत नसत, आणि त्याचा एक कोपरा फाडून तें टाकीत. पोस्टमनच्या हातांत तसें कार्ड दिसलें कीं घरांतील वडील माणूस पुढें होई, उंबऱ्याबाहेर तें वाची, मग आंत येऊन ज्याला त्याला झेपेल तसें सांगे. मंगलकार्याच्या पत्राच्या कोपऱ्यांस कुंकू लावीत. म्हणजे एक अक्षर वाचण्यापूर्वींच मनाची तयारी होत असे. भारतांतील तारसेवा २०१३ च्या जुलैंत बंद झाली. परंतु दारीं तारवाला आला कीं घरांतील बायकांच्या काळजाचें पाणी होई, हें आजही पुष्कळ आज्या सांगतात. हल्लीं काय होतें? आमच्या परिचयाच्या एका बाईंना सख्ख्या मामांच्या मृत्यूची बातमी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर, फुलांच्या चित्रासह आलेल्या एका 'सुप्रभात'खालीं वाचावी लागली. त्या वेळीं त्या एस. टी. मध्यें उभ्या होत्या. ज्यानें बातमी टाकली त्याच्या मनांत दुष्टावा नव्हता. एका बोटांत पन्नास जणांस कळलें, याचेंच त्यास समाधान. पण त्या पन्नासांत एकीचे ते मामा होते. अशी बातमी सर्वांस धाडण्यापूर्वीं जवळच्या चार जणांस फोन करावा, आणि तोही "आपण कोठें आहां? बसलां आहां ना?" असें विचारून करावा, हें आम्ही शिष्टाचारांतलें पहिलें कलम समजतों.

याच्या उलट एक उदाहरण केळशीच्या बाजूचेंच आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें आणि दापोली-मंडणगडकडील नारळी-पोफळीचीं आगरें त्यानें आडवीं केलीं. केळशीही त्यांतून सुटली नाहीं. विजेचे खांब पडले, फोन मुके झाले. आधींच कोरोनाची टाळेबंदी, त्यांत मुंबईच्या चाकरमान्यांना घरच्या म्हाताऱ्यांची खबर मिळेना. त्या दिवसांत एका तरुणानें वाडींतील घरोघर फिरून मुलांचे नंबर कागदावर लिहून घेतले, आणि जेथें फोन लागतो तेथवर जाऊन एकेकास फोन केला. प्रत्येक वेळीं त्यानें प्रथम आपलें नांव सांगितलें, लगेच "घरचीं सगळीं माणसें सुखरूप आहेत" हें सांगितलें, आणि त्यानंतर छप्पर गेलें, माड पडले, हें सांगितलें. "अगोदर छप्पर सांगितलें असतें तर पलीकडच्यानें तेवढ्या वेळांत काय काय मनांत आणलें असतें!" असें तो आम्हांस म्हणाला. हा तरुण कोणत्याही वर्गांत पहिला आलेला नाहीं.

टेलिफोनवर प्रथम काय म्हणावें याचा वाद जुनाच आहे. यंत्राचा जनक बेल यास 'अहॉय' हा खलाशांचा पुकारा पसंत होता. १८७७ सालीं एडिसननें 'हॅलो' सुचविला आणि तोच जगभर रुळला. मुंबईंत टेलिफोन आला १८८२ सालीं. महाराष्ट्र शासनानें २०२२ च्या ऑक्टोबरांत आपल्या नोकरवर्गास 'हॅलो' ऐवजीं 'वंदे मातरम्' म्हणावयास सांगितलें. शब्द कोणताही असो, त्याच्यामागून नांव येतें कीं नाहीं हें आम्ही पाहतों. फोन आपण करावयाचा आणि पलीकडच्यासच "कोण बोलतंय?" असें दरडावून विचारावयाचें, हें दुसऱ्याच्या ओटीवर चढून घरधन्यास नांव विचारण्यासारखें आहे. दुपारीं दोन वाजतां, जेव्हां अर्धें कोकण वामकुक्षींत असतें, तेव्हां फोन करूं नये. समोरच्यास न सांगतां त्याचें बोलणें चारचौघांस ऐकवूं नये. पोस्टमन उघडें कार्ड वाची आणि न वाचल्यासारखें करी, तेवढी तरी लाज आपण बाळगावी. आणि संपवितांना धाडकन् फोन बंद करूं नये. आमच्या लोकांत घर सोडणारा पाहुणा 'जातों' म्हणत नाहीं, 'येतों' म्हणतो, मग फोनवर "ठेवूं ना?" विचारावयास कितीसा वेळ लागतो?

१९९५ च्या पावसाळ्यांत, ३१ जुलैस ज्योति बसूंनीं कलकत्त्याहून सुखराम यांस दिल्लीस देशांतला पहिला मोबाईल फोन केला, आणि बरोबर पंधरा दिवसांनीं, स्वातंत्र्यदिनीं, इंटरनेट सर्वांस खुलें झालें. हीं दोन्हीं साधनें एकाच पिढीच्या हातीं एकदम आलीं. त्यामुळें तीं कशीं वापरावीं हें सांगावयास घरांत कोणी अनुभवी माणूसच नव्हतें. म्हणून आम्ही मुलांस जितका दोष देतों, त्याहून पालकांस थोडा अधिक देतों. "मी घरीं नाहीं म्हणून सांग" असें लेंकराच्या हातीं फोन देऊन सांगणारे वडील, आणि पानावर बसल्यावरही कानाचा फोन न काढणारी आई, यांच्या घरांत शिष्टाचाराचें पुस्तक आणून काय उपयोग?

केळशीच्या एका वृद्ध गृहस्थांच्या घरीं पडवीच्या एकाच कोपऱ्यांत फोन नीट लागतो. सायंकाळीं ते तेथें खुर्ची टाकून बसतात. नातवाच्या वाढदिवसास त्यांनीं चष्मा लावून, एकेक अक्षर शोधीत, चांगला सात ओळींचा आशीर्वाद लिहून पाठविला. उत्तरादाखल नातवानें अंगठ्याचें चित्र धाडलें. नातवाच्या लेखीं त्याचा अर्थ 'छान'. आजोबांच्या मराठींत 'अंगठा दाखविणें' म्हणजे काय, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं वाक्प्रचारांच्या यादींत पाहावें. ते दोन दिवस कोणाशीं बोलले नाहींत. शेवटीं सुनेनें समजूत घातली तेव्हां हसले. परंतु पुढील वर्षीं आशीर्वाद दोनच ओळींचा गेला.

ज्या मुलाच्या दाखल्यापासून आम्ही आरंभ केला, त्याचा एक वर्षाचा खोळंबा झाला. मागील आठवड्यांत त्याचा दुसरा ई-मेल आला. आतां पत्त्यांत त्याचें स्वतःचें नांव आहे, विषयाच्या जागीं 'शिफारसपत्राबाबत विनंती' असें आहे, आणि खालीं शाळा सोडल्याचें वर्ष व वडिलांचा फोन नंबर. आम्हांस फार बरें वाटलें. मात्र आज आठवा दिवस. वार्षिकाच्या गडबडींत आमच्याकडून त्यास पोंच गेलेली नाहीं. हा लेख छापखान्यांत देण्यापूर्वीं तें उत्तर आम्ही लिहीत आहों, आणि विलंबाबद्दल क्षमा मागून आरंभ करीत आहों.