पवनेच्या काठावर पहिला हक्क कोणाचा?

पवना धरणाच्या फुगवट्यालगत बंगले, तंबू आणि इंजिनाच्या होड्या यांचं जे पेव फुटलं आहे, त्याच्या बाजूने काही युक्तिवाद सतत कानावर येतात. पाणी नुसतं पडून आहे, त्यावर चार होड्या फिरल्या तर बिघडलं काय? शेतकऱ्याने जमीन राजीखुशीने विकली, मग तक्रार कसली? गावच्या पोरांना रोजगार मिळाला तो का बुडवता? आणि विरोध करणारे शहरातले. त्यांना खेडं जसंच्या तसं हवं असतं. असं बोलणारे सगळेच स्वार्थी आहेत असं मी मानत नाही. त्यांत पवन मावळातले कष्टाळू तरुण आहेत, म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

पाणी पडून आहे, हे म्हणणं मुळातच चूक आहे. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणात साडेआठ टीएमसी पाणी मावतं आणि त्यावर पिंपरी-चिंचवडची तहान भागते. पाणी नदीत सोडलं जातं, उघड्या पात्रातून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथे उचलून शुद्ध केलं जातं आणि मग नळाला जातं. वाटेतल्या शेतकऱ्यांचे पंपही याच पात्रावर चालतात. हे पाणी बंद जलवाहिनीतून न्यायचं ठरलं, तेव्हा पात्र कोरडं पडेल या भीतीने मावळचा शेतकरी रस्त्यावर आला. ९ ऑगस्ट २०११ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मारले गेले. ज्या पाण्यासाठी माणसांनी जीव दिला, ते रिकामं पडलं आहे असं म्हणवतं तरी कसं?

बरं, बिघडतं काय तेही पाहू. काठावरच्या वस्तीला गटार नाही. प्रत्येक बंगल्याचा मैला सेप्टिक टँकमध्ये आणि तिथून शोषखड्ड्यात जातो. मावळच्या उतारावर माती थोडी, खाली काळा कातळ. आषाढात जमीन आधीच तुडुंब झालेली असते, शोषखड्डा काही शोषत नाही, आणि वर आलेलं सगळं उताराने तलावात उतरतं. एका कुटुंबासाठी बांधलेल्या बंगल्यात शनिवारी तीन-तीन कुटुंबं उतरतात, तेव्हा त्या टाकीचं काय होत असेल? होड्यांचंही तसंच. जुन्या धर्तीच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असतं आणि त्यातला काही भाग न जळता थेट पाण्यात जातो. पिण्याच्या पाण्यात हे चालवून घेण्याचं एकही कारण मला पटत नाही.

आता राजीखुशीची गोष्ट. धरण झालं तेव्हा खोऱ्याच्या तळातली भातखाचरं, म्हणजे सगळ्यांत कसदार जमीन, पाण्याखाली गेली. गावं उठली. वाघेश्वराचं देऊळही बुडालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते उघडं पडतं. पुनर्वसनाची जमीन मिळावी म्हणून धरणग्रस्तांची दुसरी-तिसरी पिढी अजून खेटे घालते आहे. अनेकांच्या हाती उरली ती वरची वरकस जमीन. घरात लग्न निघालं किंवा कोणी दवाखान्यात पडलं की तीच विकायची पाळी येते. सातबाऱ्यावरचं नाव बदलतं आणि काही वर्षांनी त्याच जागेवर, दुसऱ्याच्या बंगल्याचा राखणदार म्हणून मूळ मालकाचा मुलगा उभा असतो. कायद्याने हा व्यवहार खरा ठरेल. त्याला राजीखुशी म्हणायला मात्र माझी जीभ धजत नाही.

आणि विकलेल्या जमिनीपुरतंच हे थांबलेलं नाही. मे महिन्यात काठाने चालत गेलं की सगळं डोळ्यांना दिसतं. ‘लेक टच’ म्हणून विकलेल्या प्लॉटपासून पाणी तेव्हा बरंच खाली गेलेलं असतं. मग तारेचं कुंपण पाण्यामागोमाग उतरत जातं. ओल्या गाळात लोखंडी अँगल रोवलेले, आत हिरवळीसाठी आणून टाकलेली लाल माती, आणि एक काळा पाइप थेट तलावात सोडलेला. ही जमीन सरकारने धरणासाठी संपादित केलेली आहे. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या अशा जमिनीला गाळपेर म्हणतात आणि ती कसायला देताना धरणग्रस्ताला प्राधान्य द्यावं, असा शासनाचाच नियम आहे. बापजाद्यांचं शेत जिथे बुडालं, तिथे उन्हाळ्यात भाजीपाला करायचा हक्क ज्याचा, त्यालाच गुरं पाण्यावर न्यायला वाट उरत नाही. मला सर्वांत जास्त चीड या गोष्टीची येते.

रोजगाराचा मुद्दा खरा आहे आणि तो मी मान्य करतो. तंबूंच्या धंद्यावर गावातल्या काही पोरांनी घरं उभी केली, बायकांच्या हाताला स्वयंपाकाचं काम मिळालं. पण मोठी कमाई कोणाच्या खिशात जाते? बंगल्याचं एका रात्रीचं भाडं हजारांत असतं, ते पुण्या-मुंबईच्या मालकाच्या खात्यात जमा होतं. ग्रामपंचायतीच्या हाती घरपट्टी येते आणि सोमवारी सकाळचा कचरा. शिवाय पर्यटन हेच एकमेव साधन आहे हेही खरं नाही. याच मावळ तालुक्यात, वडगावच्या संशोधन केंद्रात इंद्रायणी तांदळाचं वाण तयार झालं. मावळचा गुलाब परदेशी जातो. प्लॉट पाडलेल्या जमिनीत पुन्हा भात लागत नाही.

मी पर्यटनाच्या विरोधात नाही. तिकोना, तुंग, लोहगड हे किल्ले आणि मधोमध हे पाणी. हे पाहायला माणसं यावीत आणि त्यांनी गावच्या घरात राहावं, तिथलं जेवावं. कृषी पर्यटनाचं धोरण राज्याने २०२० मध्ये आणलंच आहे. तंबूंची परवानगी धरणग्रस्त कुटुंबांना आणि बचत गटांना आधी द्या. तलावावर वल्ह्याच्या आणि शिडाच्या होड्या असू द्यात. इंजिन फक्त बचावकार्याच्या बोटीला. होडीची नोंद, माणसांची मर्यादा, अंगात लाइफ जॅकेट यांत सूट नको. इंजिनाच्या बोटींसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा हाताशी आहे. भाड्याने दिला जाणारा बंगला हा धंदा आहे, त्याला कर धंद्याचाच लागावा आणि मैल्यावर प्रक्रिया केल्याशिवाय त्याला परवाना नसावा.

यावर उत्तर येतं की एवढे नियम लावले तर पर्यटक फिरकणार नाहीत. पण लोहगड जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला आहे. गर्दी वाढणार हे सांगायला ज्योतिषी नको. नियम लावायचे तर त्याआधीच लावावे लागतील, आणि सुरुवात मोजणीपासून व्हावी. संपादनाचे नकाशे पाटबंधारे खात्याकडे असतात, मोजणीदार भूमी अभिलेखकडे. येत्या उन्हाळ्यात, पाणी तळाला गेलेलं असताना, दोन्ही खात्यांनी काठावरच्या प्रत्येक गावात ग्रामसभेसमक्ष हद्द आखावी, दगड रोवावेत आणि त्या हद्दीच्या आत आलेली कुंपणं पावसाळ्याआधी काढून टाकावीत.