राजीनाम्याआधी औषधांचा हिशेब

आपला मुलगा, मुलगी किंवा सून घरांच्या खरेदी-विक्रीच्या व्यवसायात असेल, तर “आता कंपनीच्या टीममध्ये राहायचे नाही, स्वतःचे काम करायचे,” हे वाक्य आपण कधीतरी ऐकले असेल. त्यामागची कारणे बहुधा रास्त असतात. दलालीतला मोठा वाटा कंपनीकडे जातो, महिन्याचे टार्गेट डोक्यावर असते आणि आजारी वडिलांना तपासणीला न्यायचे तरी रजा मागावी लागते. स्वतंत्र एजंटाला ही बंधने नसतात. तथापि या निर्णयाचा परिणाम घरातील वृद्धांच्या औषधोपचारांवरही होतो. म्हणून त्याविषयीचे बोलणे राजीनामा देण्यापूर्वीच व्हावयास हवे.

पहिला प्रश्न आरोग्य विम्याचा. अनेक मोठ्या कंपन्यांच्या समूह विम्यात कर्मचाऱ्याच्या आईवडिलांचाही समावेश असतो. नोकरी सुटली की हे संरक्षण सामान्यतः संपते. त्यानंतर नवी पॉलिसी घेतली, तर आधीपासून असलेल्या मधुमेहासाठी किंवा हृदयविकारासाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ लागू शकतो. समूह विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि त्यात पूर्वीच्या काळाचे श्रेय मिळते. मात्र कंपनी वय व प्रकृती पाहून निर्णय घेते. म्हणून ही चौकशी नोकरी चालू असतानाच लेखी स्वरूपात करावी.

घरात 70 वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती असेल, तर तिचे आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवावे. ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न ठेवता या वयोगटाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय उपलब्ध आहे. पतिपत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील, तर ही रक्कम दोघांत मिळून असते. कार्डावर योजनेतील रुग्णालयांतच दाखल होता येते, आणि रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यातून भागत नाही. जवळचे कोणते रुग्णालय योजनेत आहे, हे आजारपण येण्याआधीच पाहून ठेवावे.

दुसरा प्रश्न मिळकतीचा. विकासकाच्या नोंदणीकृत प्रकल्पातील घरे विकण्यासाठी 2016 च्या रेरा कायद्यानुसार एजंटाची नोंदणी लागते. आजवर कंपनीच्या नोंदणीवर काम करणाऱ्याला आता स्वतःची महारेरा नोंदणी करावी लागते आणि त्याआधी प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. पुढे व्यवहार ठरला तरी दलाली हाती येण्यास बरेचदा काही महिने जातात. पितृपक्षात घर घेण्याचे टाळणारे पुष्कळ, तर पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा-दिवाळीला धावपळ. त्यामुळे मिळकत येते ती एकदम, आणि मधले महिने कोरडे जातात. औषधे मात्र दर महिन्याला लागतात.

माझ्याकडे येणाऱ्या एका सत्तरीतल्या गृहस्थांचा रक्तदाब अचानक आवरेनासा झाला. औषध तेच, आहार तोच. खोदून विचारल्यावर कळले, की मुलाने नोकरी सोडल्यापासून ते गोळी एक दिवसाआड घेत होते. “त्याचा जम बसेपर्यंत एवढे तर करू शकतो,” असे त्यांचे म्हणणे. मुलाला याचा पत्ताही नव्हता.

अशी माणसे थोडी नाहीत. आपण त्यांपैकी असाल, तर कृपया असे करू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्या एकाएकी थांबवल्यास दाब पूर्वीपेक्षाही वर उसळतो. स्टेंट बसवल्यानंतर दिलेली रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर बंद केली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. खर्च कमी करायचा असेल, तर तसे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. अनेक औषधे जनऔषधी केंद्रात बऱ्याच कमी किमतीत मिळतात, तर काही गोळ्यांची गरजच उरलेली नसते. यात संकोचण्यासारखे काही नाही.

मुलांनीही राजीनाम्याआधी आईवडिलांच्या औषधांचा व तपासण्यांचा निदान सहा महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात ठेवावा, आणि तो ठेवल्याचे त्यांना स्पष्ट सांगावे. सांगितले नाही, तर गोळ्या वाचवणे सुरूच राहते.

तिसरा प्रश्न वेळेचा. वडिलांची देखभाल करता यावी म्हणून अनेकजण स्वतंत्र होतात. प्रत्यक्षात ग्राहकांना घर पाहायला रविवारची सवड असते आणि फोन रात्री दहालाही वाजतो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या 2021 मधील अहवालानुसार, आठवड्याला 55 तास किंवा अधिक काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे 35 टक्क्यांनी अधिक आढळतो. टीममध्ये एकाच्या ऐवजी दुसरा जाऊ शकतो. एकट्याला ती सोय नाही. म्हणून आईवडिलांच्या तपासणीचा वार ग्राहकाच्या भेटीसारखाच डायरीत लिहावा, रात्री ठरावीक वेळेनंतर फोन बाजूला ठेवावा आणि ऐनवेळी रुग्णालयात जाऊ शकेल असा एक नातलग किंवा शेजारी ठरवून ठेवावा. चाळिशी ओलांडलेल्या एजंटाने स्वतःचाही रक्तदाब व साखर वर्षातून एकदा तपासून घ्यावी.

ज्येष्ठांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आपल्या उपचारांसाठी ठेवलेली मुदत ठेव मुलाच्या नव्या कामात घालू नये. ती जपणे ही त्यालाही मदतच आहे. आणि रोज संध्याकाळी “आज काही ठरले का?” असे विचारू नये. ज्या कामात ठरता ठरता महिने जातात, त्यात या प्रश्नाला बहुतेक दिवशी ‘नाही’ हेच उत्तर असते. त्याऐवजी “जेवलास का?” एवढे विचारावे.

घरात असा निर्णय घाटत असेल, तर या आठवड्यात सर्वांनी एकत्र बसावे. विम्याची कागदपत्रे, औषधांची यादी आणि महिन्याचा खर्च समोर मांडावा. राजीनाम्याची तारीख त्यानंतर ठरवावी.