‘ओन्ली’, ‘फक्त’ आणि ‘च’

धनादेशावर अक्षरी रक्कम लिहिली की तिच्यापुढे ‘ओन्ली’ किंवा ‘फक्त’ लिहून रेघ ओढण्याची रीत सेलूच्या कापूस बाजारात कोणाला शिकवावी लागत नाही. तिच्यामागे सबळ कारण आहे. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमातील कलम १८ नुसार अंकी व अक्षरी रकमेत तफावत असल्यास अक्षरी रक्कम ग्राह्य धरली जाते. ‘पाच हजार’ यापुढील जागा मोकळी राहिली, तर तेथे ‘नऊशे’ लिहिणे अवघड नाही. तो एक शब्द ही वाट बंद करतो.

‘फक्त’ हा शब्द मूळचा अरबी. सप्टेंबर १९४८ पर्यंत सेलू हैदराबाद संस्थानात होते व राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. उर्दू पत्राच्या अखेरीस ‘फकत’ लिहीत. मजकूर येथे संपला, एवढाच त्याचा अर्थ.

रकमेपुढे शब्दाची जागा ठरलेली असते. वाक्यात ती ठरवावी लागते. ‘ही ओन्ली पेड द इंटरेस्ट’ या इंग्रजी वाक्यात ‘ओन्ली’ व्याजाला उद्देशून आहे की देण्याच्या क्रियेला, हे बोलताना आवाजाच्या जोरावरून कळते. कागदावर ते संदिग्ध राहते. मराठीतील ‘च’ मात्र शब्दाला चिकटूनच येतो. ‘त्यानेच व्याज दिले’, म्हणजे इतरांनी दिले नाही. ‘त्याने व्याजच दिले’, म्हणजे मुद्दल बाकी आहे. ‘त्याने व्याज दिलेच’, म्हणजे देण्यात कसूर केली नाही. अक्षर एकच, पण हिशेब तीन!

हाच ‘च’ मनात ठेवून आपल्याकडे ‘आय ॲम कमिंग टुमॉरो ओन्ली’ असे म्हटले जाते. बोलणाऱ्याला ‘उद्याच येतो’ असे आश्वासन द्यायचे असते; परदेशी पाहुण्याला मात्र तो केवळ उद्यापुरताच येणार, असे वाटू शकते.

मलमाच्या नळीवर ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’ असे छापलेले असते. नातवाने ते आजीला ‘हेच बाहेरून लावायचे’ असे सांगितले, तर इतर मलमे वर्ज्य ठरतात. हे पोटात घेऊ नये, ही सूचना हरवते. ‘हे बाहेरूनच लावायचे’ हे खरे भाषांतर. म्हणून इंग्रजी असो वा मराठी, ज्या शब्दाला मर्यादा घालायची, त्याच्या शेजारीच मर्यादेचा शब्द ठेवावा.