आई गेली, बाप तुरुंगात, पोरांचे काय?

हुंडाबळी झाला की गाव महिनाभर बोलते, मग गप्प. बाप तुरुंगात, पोरे आजोळी. त्यांच्या दप्तराचा खर्च आजोबांनी काय म्हशाच्या जत्रेत बैल विकून भागवायचा?

हुंडाबळीचे कलम १९८६ साली आले. मागे राहिलेल्या वारसांना सरकारी भरपाईची तरतूद लागू व्हायला मात्र ३१ डिसेंबर २००९ उजाडला! त्यासाठी ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. चौकशी दोन महिन्यांत संपवा, असे कायदाच म्हणतो. शिवाय लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत बाई अशी गेली, तर दिलेला हुंडाही तिच्या मुलांचा. पण तो सासरच्या कपाटातून आणायला आजी एकटी जाणार का? पंचनाम्याला येणाऱ्या पोलिसांनीच भरपाईच्या अर्जाचा कागद आठवड्याच्या आत आजोळी पोचवला पाहिजे.