अंगठा पुन्हा आला



साक्षरता अभियानाच्या दिवसांत आपल्या आधीच्या कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत रात्रीचे वर्ग घेतले. बायका सही करायला शिकल्या. अंगठा सुटला, याचा केवढा अभिमान असे! आता रेशन दुकानातल्या यंत्राला सही नको, अंगठाच हवा.

गेल्या महिन्यात वस्तीतल्या एका मावशींबरोबर मी दुकानात गेले. यंत्र बोटावरच्या रेषा जुळवून पाहतं. चार घरची भांडी घासून मावशींच्या त्या रेषाच झिजल्या आहेत. उजवा अंगठा लागला नाही, डावाही नाही. दुकानदार म्हणाला, हात धुऊन या. पदराला हात पुसत त्या माझ्याकडे बघून ओशाळं हसल्या. "ताई, माझाच अंगठा खोटा निघाला." वीस वर्षं याच दुकानातून धान्य नेणारी बाई! शेवटी दुकानदारानेच सुचवलं, मुलाला पाठवा, त्याचा लागतो.

सोयीचं वाटतं. मलाही क्षणभर वाटलं. पण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातल्या सर्वांत थोरल्या बाईला रेशन कार्डापुरतं कुटुंबप्रमुख मानलं, ते कशासाठी? कार्डावर नाव तिचं आणि धान्य उचलणारा हात मुलाचा. तो ते घरी आणतो की वाटेत विकतो, यंत्राला काय कळणार! ओटीपी म्हणाल, तर तो ज्या मोबाइलवर येतो तो कितीतरी घरांत नवऱ्याच्या खिशात असतो. 'लाडकी बहीण' योजनेच्या ई-केवायसीत २०२५ मध्ये पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला गेला. परित्यक्ता बाईने तो कुणाच्या दारात जाऊन आणायचा होता?

काही बायका अंगठ्याच्या बाजूने बोलतात, तेही ऐकायला हवं. आमच्या नावावर परस्पर धान्य उचललं जात नाही, असं त्या सांगतात. खरं आहे. मापात मारायचं ते मात्र मारलं जातंच.

पण यावरून 'महिलांनी ही पद्धत स्वीकारली' असं कुणी म्हणू लागलं की मला राहवत नाही. अंगठा लावला नाही तर चूल पेटत नाही, तिथे स्वीकार कसला? संमती म्हणजे काय, हे आपण इतकी वर्षं दुसऱ्या संदर्भात सांगत आलो, तेच इथेही सांगावं लागेल.

ठसा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, अशा नोंदींची वेगळी वही ठेवावी, असं केंद्राच्या अन्न विभागाने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. त्या दुकानात अशी वही नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही सहाजणी गेलो, लेखी अर्ज दिला, पोच मागितली. तिसऱ्या दिवशी धान्य मिळालं, मावशींच्याच हातात.

तुमच्या भागातल्या दुकानात ही वही आहे का, विचारा. त्यात किती बायकांची नावं आहेत, तेही पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा.