लोडिंग संपले, विश्रांती का संपावी?

परीक्षा आटोपल्या की अनेक घरांत गेमिंग कॉम्प्युटरची मागणी पुढे येते. मुले सुट्या भागांची यादीच करून आणतात आणि तीत एक ओळ हमखास असते : हार्ड डिस्क नको, एसएसडी हवी. पालकांना ही चैन वाटते. मुलांची मागणी चुकीची नाही. पण एसएसडीमुळे काय मिळते आणि काय जाते, हे समजून मगच पैसे मोजावेत.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या मिनिटाला साधारण ७,२०० फेऱ्या घेतात. माहिती वाचणारा बारीक दांडा योग्य जागी सरकतो आणि हवा तो तुकडा फिरत त्याच्याखाली येईपर्यंत थांबतो. दर खेपेला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. गेम उघडताना अशा असंख्य खेपा होतात, म्हणून पडद्यावर ‘लोडिंग’ रेंगाळते. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. माहिती चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते आणि ती मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याआधीच हाती येते. हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी वाचते, साधी ‘साटा’ एसएसडी साडेपाचशेच्या आसपास आणि ‘एनव्हीएमई’ प्रकारची काही हजार. २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये एसएसडीच होती. २०२३ च्या ‘स्टारफील्ड’ या गेमने तर किमान गरजांमध्येच एसएसडी सांगितली.

मात्र, एसएसडी घेतली म्हणून खेळाचे चित्र अधिक सफाईने हलत नाही. सेकंदाला किती फ्रेम दिसतील, हे मुख्यतः ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर ठरवतात. त्यामुळे सर्वांत महागड्या एसएसडीसाठी ग्राफिक्स कार्डात काटकसर करणे शहाणपणाचे नाही. गेमसाठी मध्यम किमतीची एसएसडी आणि घरचे फोटो-व्हिडिओ ठेवायला स्वस्त पडणारी हार्ड डिस्क, ही वाटणी बहुतेक घरांना पुरते. हार्ड डिस्क बिघडण्याआधी अनेकदा खडखडते. एसएसडी आवाज न करताच बंद पडू शकते. म्हणून बॅकअप दोन्हींचा हवा.

आता आरोग्याचे. लोडिंगचा तो अर्धा-एक मिनिट अगदीच वाया जात नव्हता. तेवढ्यात खेळणारा मान वर करी, पाय मोकळे करी, पाणी पिई. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते, डोळ्यांवरचा अश्रूंचा थर सुकतो आणि डोळे चुरचुरतात. सतत जवळ पाहून डोळ्यांतले स्नायू थकतात. एका जागी बसून मान आणि कंबर आखडते. हरल्यावर पुढचा डाव क्षणात सुरू झाला, तर उठायला निमित्तच उरत नाही.

याचा अर्थ एसएसडी आजार देते, असा कोणी काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर कामे मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे. डिस्क कोणती, याचा त्यात संबंध नाही. पण यंत्राकडून आपोआप मिळणारा थांबा गेला, तर तो आपण ठरवून घ्यायला हवा.

उपाय सोपा आहे. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, पापण्या मिटाव्यात. तासाभराने खुर्चीतून उठून चार पावले चालावे. झोपण्याआधी तासभर गेम बंद ठेवावा. हे नियम कॉम्प्युटर घरी आल्यावर लादले, तर भांडणे होतात. दुकानात जाण्याआधी, सुट्या भागांची यादी करतानाच मुलांबरोबर बसून ते ठरवावेत आणि पालकांनी स्वतःच्या मोबाइललाही लावावेत. एसएसडीने वाचवलेली मिनिटे पुढच्या डावात घालायची की डोळ्यांना द्यायची, हे घरानेच ठरवायचे आहे.